सर्व्हर आपोआप चालू झाला, आता झोपू की घाबरू?

हिशेबनीस_आडगाव
मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. आडगावजवळ एका द्राक्षांच्या पॅकहाउसवर हिशेब लिहितो. पण ऑफिसात ज्याला एकदा अडकलेला प्रिंटर सोडवता आला, त्याच्या गळ्यात पुढची प्रत्येक वायरवाली वस्तू पडते. तसा हा सर्व्हर माझ्याकडे आलाय. उबुंटू २२.०४ (लिनक्स) आणि त्यावर मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस. वजनकाट्यावर दिवसभर नोंद होते: कुणाच्या बागेतले किती क्रेट, भरल्याचं वजन, रिकाम्याचं वजन, प्रतवारीत किती माल बाजूला पडला. संध्याकाळी त्याची एक सीएसव्ही फाइल तयार होते आणि 'लोड डेटा इनफाइल'ने डेटाबेसात जाते. शेतकऱ्यांचं पेमेंट यावरच निघतं. हे बंद पडलं की माझ्या टेबलासमोर रांग लागते, आणि रांगेतला प्रत्येक जण मला नावानिशी ओळखतो.

झालं असं की १२० जीबीची डिस्क ऐन हंगामात भरली. मी ५०० जीबीची नवी एसएसडी बसवली, ती '/डेटा' म्हणून जोडली. मायएसक्यूएल बंद करून सगळा फोल्डर आरसिंकने '/डेटा/मायएसक्यूएल'मध्ये नेला, कॉन्फिगमधली डेटाडिर ओळ, म्हणजे डेटा कुठं आहे तो पत्ता, बदलली. त्याच झटक्यात सीएसव्हीचा फोल्डरही '/डेटा/वजन' केला आणि सिक्युअर-फाइल-प्रिव्हला, म्हणजे अशा फाइली कुठून घ्यायच्या त्या सेटिंगला, तोच पत्ता दिला. सर्व्हिस चालू करायला गेलो तर लाल अक्षरं. एरर लॉगमध्ये 'ओएस एररनंबर १३, परमिशन डिनाइड'.

मालकी बघितली. मायएसक्यूएल:मायएसक्यूएल, अगदी जुन्यासारखी. तरी पुन्हा चाउन केलं, म्हणजे मालकी परत लावली. मग, लाज वाटते पण सांगतो, अख्ख्या फोल्डरला ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. तरी १३. मग जुना फोल्डर नाव बदलून बाजूला सारला आणि त्या जागी नव्याचा सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे नेणारी पाटी, ठेवला, म्हटलं जुन्याच दारानं आत जाईल. तरी १३.

मग कुठंतरी वाचलं की उबुंटूवर ॲपआर्मर नावाचा पहारा असतो, कुठल्या प्रोग्रामाने कुठल्या फाइली उघडायच्या ते तो ठरवतो. त्याची सर्व्हिस स्टॉप केली. तरीही १३! स्टॉप करूनही अडवतो म्हणजे काय? शेवटी त्याच्या 'लोकल' फोल्डरातल्या मायएसक्यूएलडीच्या (मायएसक्यूएलचा सर्व्हर प्रोग्राम) फाइलमध्ये या दोन ओळी टाकल्या. इथं देवनागरीत लिहितोय, तिथं अर्थात रोमनमध्ये आहेत:

/डेटा/मायएसक्यूएल/ आर,
/डेटा/मायएसक्यूएल/** आरडब्ल्यूके

रिलोड केलं तर सिंटॅक्स एरर. आणि एरर कुठं दाखवतोय, तर मुख्य प्रोफाइलच्या (त्या प्रोग्रामाच्या परवानग्यांची यादी) शेवटच्या ओळीवर. तिथं फक्त बंद होणारा महिरपी कंस आहे. त्या फाइलला मी हातसुद्धा लावलेला नाही, उलट हात लावायच्या आधी तिथंच शेजारी शेवटी '.जुना' लावून एक कॉपी ठेवली होती. कंसाकडे अर्धा तास बघत बसलो. कंसात चूक काय असणार?

एवढ्यात साडेचारला लाइट गेली. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेलेली आहे. दहा मिनिटांनी लाइट आली, मशीन आपणच उठलं, आणि मायएसक्यूएल चालू! सगळा डेटा दिसतोय, संध्याकाळची सीएसव्हीसुद्धा गेली. शेठ म्हणाले, "आता त्याला हात लावू नका." पण स्क्रीनवर मशीन उठताना ॲपआर्मर प्रोफाइल लोड करण्यात अपयश आल्याची ओळ येऊन गेली, ती मी बघितली. मी काही दुरुस्त केलेलं नाही आणि तरी चाललंय. हिशेबात ताळा चुकलेला असताना बेरीज जुळली की मला झोप येत नाही, तसंच झालंय. असंच ठेवू का?


लाल_टोपी
बुधवार, सकाळी ७:१५

सरळ आहे. सेलिनक्सची लेबलं बदलली असणार. सेटएनफोर्स ० करून, म्हणजे त्याचं अडवणं तात्पुरतं थांबवून, बघा, चाललं तर रिस्टोरकॉन मारा. आमच्याकडे दर वेळी हेच निघतं.


सातपूर_रात्रपाळी
बुधवार, सकाळी ८:०५

टोपीदादा, तुमचं औषध बरोबर आहे पण पेशंट दुसरा आहे. उबुंटूवर सेलिनक्स नाही, ॲपआर्मर असतं. सेलिनक्स फाइलला चिकटवलेलं लेबल बघतं, म्हणून फाइल हलवल्यावर रिस्टोरकॉन लागतं. ॲपआर्मर फक्त पत्ता बघतं. पत्त्यावरून ओळखायचं की लेबलवरून, यावर कर्नलवाल्यांत (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) वर्षानुवर्षं जुंपली होती, त्यामुळेच ॲपआर्मर मुख्य कर्नलमध्ये यायला २०१० उजाडलं, २.६.३६ मध्ये. इथं रिस्टोरकॉन मारून काही होणार नाही, बहुधा ती आज्ञाच सापडणार नाही.

आता हिशेबनीसभाऊ, तुमच्याकडे. रात्रपाळी संपवून घरी आलोय, चहा घेत लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

तुमचा ताळा खरंच चुकलेला आहे. तुमच्या पॅकहाउसच्या गेटवर वॉचमन असेल, त्याच्याकडे गाड्यांच्या नंबरांची वही. काल दुपारपर्यंत तो जुनी वही घेऊन बसला होता, नव्या गोदामाचा पत्ता त्यात नव्हता, म्हणून गाडी अडवली. लाइट गेल्यानंतर काय झालं? वही फाटकी निघाली म्हणून वॉचमन कामावर आलाच नाही. गेट सताड उघडं. गाडी आत गेली यात नवल नाही, आता कुणाचीही जाईल.

यंत्राच्या भाषेत: रिलोड करताना प्रोफाइलमध्ये सिंटॅक्स चूक असेल तर पार्सर, म्हणजे ती फाइल वाचणारा प्रोग्राम, नवं काहीच भरत नाही, कर्नलमध्ये आधी भरलेलं जुनं प्रोफाइल तसंच राहतं. म्हणून एरर आल्यावरही तुम्हाला अडवणं चालू होतं. पण मशीन बंद होऊन उठलं की कर्नल कोरी पाटी असते. उठताना पार्सरने तुमची फाइल वाचली, चूक लागली, सोडून दिली. बाकीच्या प्रोग्रामांची प्रोफाइलं भरली गेली, मायएसक्यूएलचं नाही. तो आत्ता बिनबंधनाचा, म्हणजे अनकन्फाइन्ड चालतोय.

पटत नसेल तर सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून एए-स्टेटस चालवा. एनफोर्स, म्हणजे प्रत्यक्ष अडवणाऱ्या, मोडच्या यादीत मायएसक्यूएलडी शोधा. सापडणार नाही.

सर्व्हिस स्टॉप केल्याचं तुमचं गाऱ्हाणं. उबुंटू आणि डेबियनवर ॲपआर्मरची सर्व्हिस स्टॉप केली तरी प्रोफाइलं कर्नलमधून निघत नाहीत. मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर एका स्टॉपसरशी सगळ्या मशीनचा पहारा उठेल. खरंच सगळं काढायचं तर एए-टिअरडाउन आहे, पण त्याच्या वाटेला जाऊ नका.

सिमलिंकचंही तसंच. कर्नल सिमलिंकच्या मागे जाऊन खरा पत्ता काढतो आणि तोच वहीत शोधतो. दारावर जुनी पाटी लावली म्हणून घर बदलत नाही.

आता कंस. कंसात काहीही चूक नाही. तुमच्या लोकल फाइलमधली दुसरी ओळ बघा. पहिल्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम आहे, दुसरीच्या शेवटी नाही. ॲपआर्मरमध्ये प्रत्येक नियम स्वल्पविरामानंच संपतो, शेवटचासुद्धा. मुख्य फाइल लोकल फाइलला पोटात घेते. लोकल फाइल संपली तरी पार्सर स्वल्पविरामाची वाट बघत पुढं सरकला, मुख्य फाइलमध्ये परतला, आणि तिथं त्याला भेटला तो कंस. म्हणून बोंब कंसाच्या नावानं. एररच्या शेवटी 'एंड ऑफ रूल' अशी अक्षरं दिसली की दाखवलेल्या ओळीच्या मागं बघायचं, मागच्या फाइलमध्येसुद्धा.

दुरुस्त केल्यावर आधी ॲपआर्मर_पार्सर वजा क्यू आणि मुख्य प्रोफाइलचा पत्ता. हा नुसतं वाचून बघतो, कर्नलमध्ये काही भरत नाही. गप्प राहिला म्हणजे पास. मग वजा आर, तो खरोखर बदलतो.


वीणा_सिडको
बुधवार, सकाळी १०:३०

रात्रपाळीदादांनी नीट सांगितलंय. मी ७७७ बद्दल बोलते, कारण ते अजून तसंच असणार.

हिशेबनीसकाका, फाइल उघडताना कर्नल आधी साधी मालकी आणि परवानगी तपासतो. ती पास झाली तरच विचारणा साधारणपणे ॲपआर्मरकडे जाते. म्हणजे लॉगमध्ये ॲपआर्मरची 'डिनाइड' ओळ दिसली, की समजायचं चाउन-चमॉड (मालकी-परवानगी) आधीच ठीक होतं. त्यावर ७७७ देणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला पट्टी. क्लासमध्ये मी पोरांना पहिल्यांदा हीच ओळ शोधायला लावते: जर्नलसीटीएल वजा के (कर्नलचा लॉग), त्यात 'डिनाइड' शोधा. ऑडिटडी हा नोंदी ठेवणारा प्रोग्राम बसवलेला असेल तर ओळी ऑडिटच्या लॉगमध्ये जातात, कर्नलच्या लॉगमध्ये दिसत नाहीत. इथं पुष्कळ जण फसतात, "डिनाइड काहीच नाही" म्हणतात आणि भलतीकडे शोधत बसतात. ओळच नसेल तर मात्र परवानगीकडे परत या आणि नेमआय वजा एल चालवा. तो पत्त्यातल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दाखवतो. बऱ्याचदा मधलाच एखादा फोल्डर बंद असतो.

७७७ काढायलाच हवं. त्या फोल्डरात नुसता तुमचा वजनाचा डेटा नाही, मायएसक्यूएल ८.० स्वतःच्या टीएलएसच्या (जोडणी गुप्त ठेवणाऱ्या) खासगी किल्ल्याही तिथंच तयार करून ठेवतो. त्या आता मशीनवरच्या कुणालाही वाचता येतात. काढताना एक खाचखळगा आहे. नेहमीची युक्ती म्हणजे कॅपिटल एक्स, जो फक्त फोल्डरांना एक्झिक्यूट देतो. पण ज्या फाइलला आधीच एक्झिक्यूट आहे तिच्यावरचा तो काढत नाही, आणि ७७७ ने तुम्ही सगळ्यांनाच दिलाय. म्हणून फाइंड वापरा. फोल्डरांना ७५०, फाइलींना ६४०, आणि नावात 'की' असलेल्या पीईएम फाइलींना ६००. पब्लिक की तेवढी ६४४ असली तरी चालते.

बाजूला सारलेला जुना फोल्डर बॅकअप घेतल्याशिवाय उडवू नका. सिमलिंक मात्र राहू द्या. पहाऱ्याला तो फसवत नसला तरी मायएसक्यूएल सुरू करणारी स्क्रिप्ट जुन्या जागी काहीतरी आहे ना ते बघते.


देवळाली_कॅम्प
बुधवार, दुपारी १:५०

मध्येच घुसतो, माफ करा. माझ्या उबुंटू २४.०४ वर एक ॲपइमेज (एकाच फाइलमधला प्रोग्राम) उघडतच नाही, सँडबॉक्सची तक्रार करतं. तेही ॲपआर्मरमुळेच म्हणे. मी पण लोकलमध्ये ओळ टाकू का?


वीणा_सिडको
बुधवार, दुपारी २:१०

नाही. तुमचं वेगळं आहे. २४.०४ पासून उबुंटूने साध्या वापरकर्त्याच्या युजर नेमस्पेसवर (प्रोग्रामाला स्वतःभोवती वेगळं कुंपण घालू देणारी सोय) ॲपआर्मरमार्फत निर्बंध आणलाय. त्या प्रोग्रामाला स्वतःचं प्रोफाइल लागतं, ज्यात यूजरएनएसची परवानगी असते. वेगळा प्रश्न टाका, तिथं सांगते. इथं काकांचं आधी निस्तरू द्या.


हिशेबनीस_आडगाव
बुधवार, रात्री ९:२०

वीणाताई, रात्रपाळीभाऊ, स्वल्पविराम सापडला. म्हणजे नव्हता तो सापडला. आयुष्यभर खतावणीत स्वल्पविराम हजार-लाख पाडायला वापरला, तो नसल्यानं गेट उघडं पडेल असं वाटलं नव्हतं.

वजा क्यू गप्प. वजा आर गप्प. फाइंडने ७५० आणि ६४० केलं. मग एए-स्टेटस बघितलं तर मायएसक्यूएलडी एनफोर्सच्या प्रोफाइलांत आलाय. पण खाली शेवटी अशी ओळ आहे की एक प्रोसेस अनकन्फाइन्ड आहे पण तिचं प्रोफाइल मात्र आहे, आणि त्याखाली मायएसक्यूएलडीचाच पत्ता. म्हणजे वॉचमन आला पण गेटवर बसला नाही असं काही आहे का?


सातपूर_रात्रपाळी
बुधवार, रात्री ९:४५

वॉचमन बसलाय, पण गाडी आधीच आत आहे. प्रोफाइल प्रोग्रामाला लागतं ते तो सुरू होताना. तुमचा मायएसक्यूएल कालच्या साडेचारपासून बिनवहीचा चालतोय, त्याला आता मागून बांधता येत नाही. मायएसक्यूएल रीस्टार्ट करा की ती ओळ जाईल.

पण रात्रीचं करा. हंगाम आहे, कंटेनर भरत असेल तर आत्ता हात लावू नका. आणि रीस्टार्ट करताना दुसऱ्या टर्मिनलवर जर्नलसीटीएल वजा के वजा एफ उघडं ठेवा, काही अडलं तर तिथंच दिसेल.


हिशेबनीस_आडगाव
गुरुवार, पहाटे १:३०

कंटेनर साडेबाराला गेला. जेएनपीटीला सकाळी पोहोचायचा आहे म्हणून ड्रायव्हर घाई करत होता. त्यानंतर रीस्टार्ट केलं. उठला! एए-स्टेटसमध्ये प्रोसेसही एनफोर्समध्ये. अनकन्फाइन्डची ओळ गेली. आता झोपतो.


हिशेबनीस_आडगाव
गुरुवार, संध्याकाळी ७:२५

झोप लागली म्हणून नजर लागली. आजची सीएसव्ही जाईना.

'कान्ट गेट स्टॅट ऑफ' आणि पुढं '/डेटा/वजन/' मधली आजची फाइल, आणि पुन्हा तोच १३. मंगळवारी हीच जागा, हीच स्क्रिप्ट, एका झटक्यात गेली होती. सिक्युअर-फाइल-प्रिव्ह तोच आहे, मी काही बदललेलं नाही. समोर ओझरचे दोन बागायतदार बसलेत, त्यांना म्हटलं सिस्टिम स्लो आहे, चहा घ्या.


वीणा_सिडको
गुरुवार, संध्याकाळी ७:४०

मंगळवारी गेली कारण मंगळवारी पहारा नव्हता. काका, त्या दिवशी जे जे 'चाललं' ते सगळं आता पुन्हा तपासायला हवं. त्या दिवसाचा कुठलाही अनुभव पुरावा म्हणून धरू नका.

'लोड डेटा इनफाइल'मध्ये फाइल वाचतो तो सर्व्हर, म्हणजे मायएसक्यूएलडी, तुम्ही नाही. तुम्ही त्याला '/डेटा/मायएसक्यूएल' दिलं, '/डेटा/वजन' दिलंच नाही. पूर्वीच्या '/व्हार/लिब/मायएसक्यूएल-फाइल्स'ची परवानगी उबुंटूच्या प्रोफाइलमध्ये आधीपासून असते, म्हणून इतकी वर्षं हा प्रश्न कधी आला नाही. लॉगमधली शेवटची डिनाइड ओळ इथं लिहा, खात्री करू.


हिशेबनीस_आडगाव
गुरुवार, संध्याकाळी ७:५५

ही घ्या, वाचून लिहितोय. ॲपआर्मर बरोबर डिनाइड, प्रोफाइल मायएसक्यूएलडीचं, नेम '/डेटा/वजन/' मधली आजची सीएसव्ही, रिक्वेस्टेड-मास्क आर, डिनाइड-मास्क आर. पुढं एफएसयूआयडी ११४, ओयूआयडी १०००. हे शेवटचे दोन आकडे जुळत नाहीत, ही चूक आहे का?


वीणा_सिडको
गुरुवार, रात्री ८:०५

चूक नाही. पहिला आकडा मागणाऱ्याचा, म्हणजे मायएसक्यूएलचा. दुसरा फाइलच्या मालकाचा, काट्याची नोंद करणाऱ्या तुमच्या साध्या खात्याचा. फाइल तुमची, वाचतोय तो, म्हणून आकडे वेगळे. साध्या परवानगीने तो फोल्डरातून फाइलपर्यंत पोहोचतो हे या ओळीवरूनच दिसतं, नाहीतर प्रकरण ॲपआर्मरपर्यंत आलंच नसतं.

महत्त्वाचं आहे ते नेम आणि मास्क. प्रोफाइलमध्ये नेमका तोच पत्ता आणि तेवढंच अक्षर द्यायचं. लोकल फाइलमध्ये आणखी दोन ओळी, एक फोल्डरची आणि एक त्याच्या आतल्या सगळ्याची:

/डेटा/वजन/ आर,
/डेटा/वजन/** आर,

नुसतं आर, म्हणजे फक्त वाचणं. इथं आरडब्ल्यूके टाकायचा मोह होतो, वरच्या ओळीवरून कॉपी केलं की होतंच. पण डेटाबेसाला वजनाच्या मूळ फाइली बदलायचं काहीच कारण नाही. उद्या कुणी डेटाबेसात शिरला तरी काट्याची मूळ नोंद त्याच्या हाती लागू नये, आणि पेमेंटचा वाद झाला तर तुम्ही तीच नोंद दाखवणार. डेटा फोल्डरला मात्र के सोडू नका. के म्हणजे फाइलला कुलूप घालण्याची परवानगी, आणि इनोडीबीला (मायएसक्यूएलचा डेटा सांभाळणारा भाग) स्वतःच्या फाइली कुलूपबंद केल्याशिवाय सुरू होता येत नाही.

या वेळी मायएसक्यूएल रीस्टार्टची गरज नाही. तो आता प्रोफाइलच्या आत आहे, वजा आर केलं की नवे नियम चालू प्रोसेसला लगेच लागतात.


लाल_टोपी
गुरुवार, रात्री ८:२०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा '/डेटा/मायएसक्यूएल' जुन्या जागी बाइंड माउंट करून टाकायचं, म्हणजे तोच फोल्डर जुन्या पत्त्यावरही दाखवायचा. पत्ता जुनाच दिसतो, प्रोफाइलला हातच लावायला नको.


वीणा_सिडको
गुरुवार, रात्री ८:३५

हे तुमचं बरोबर आहे. बाइंड माउंटमध्ये ॲपआर्मरला माउंटचाच पत्ता दिसतो, सिमलिंकसारखं मागं जाऊन शोधत नाही. डेटाडिरही जुनाच ठेवायचा. चालतं. मी करत नाही, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी डिस्क किती भरली ते बघायला येतो, एकच फोल्डर दोन ठिकाणी दिसतो, आणि "डुप्लिकेट" म्हणून एक पुसतो. तिसरा रस्ता ॲपआर्मरच्या ट्यूनेबल्समधल्या एलियसचा, म्हणजे जुना पत्ता नव्याला जोडणाऱ्या ओळीचा, तोही स्वल्पविरामासकट. पण एलियस सगळ्याच प्रोफाइलांना लागतो. एका प्रोग्रामाचं काम असेल तर लोकल फाइल बरी.


सातपूर_रात्रपाळी
गुरुवार, रात्री ८:५०

आणखी काय काय अडणार आहे ते एकदमच कळायला हवं असेल तर एक संध्याकाळ एए-कम्प्लेन करा. प्रोफाइल लागू राहतं पण अडवत नाही, फक्त लिहून ठेवतं, डिनाइडऐवजी 'अलाउड' असं. मग एए-लॉगप्रॉफ एकेक विचारतो, हे देऊ का. पण प्रोफाइलमध्ये मुळातच 'डिनाय' लिहिलेल्या ओळी असतील तर त्या कम्प्लेनमध्येही अडवतात, आणि गुपचूप अडवतात. एपीटीने ॲपआर्मर-यूटिल्स बसवावं लागेल.


हिशेबनीस_आडगाव
शुक्रवार, रात्री १०:४५

सीएसव्ही कालच रात्री साडेआठला गेली. बागायतदार चहाच्या दुसऱ्या कपावर होते, त्यांना काही कळलं नाही.

आज रात्रपाळीभाऊंचं ऐकून कम्प्लेन करायला गेलो तर नवंच. 'कॉन्फ्लिक्टिंग प्रोफाइल्स', एकाच प्रोग्रामाची दोन फाइलींत व्याख्या आहे म्हणे. दोन नावं दाखवली. एक मुख्य फाइल. दुसरी तीच, शेवटी '.जुना' लावलेली. माझीच कॉपी!


सातपूर_रात्रपाळी
शुक्रवार, रात्री ११:००

हो, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं आणि माझ्या नजरेतून सुटलं. त्या फोल्डरात ठेवलेली प्रत्येक फाइल ॲपआर्मर प्रोफाइल समजून भरतो. पॅकेज मॅनेजरची डीपीकेजी-ओल्ड वगैरे शेपटं, ओरिग, आणि शेवटी टिल्ड (~) असलेली नावं तो सोडतो. '.जुना' त्याला कुणी शिकवलेलं नाही. आत पत्ता तोच, म्हणून दोन्ही एकाच नावाची निघाली, जी नंतर भरली ती आधीचीवर बसली. तुमच्या दोन्ही सारख्याच होत्या म्हणून निभावलं. मुख्य फाइल बदलली असती आणि मशीन उठताना जुनी वर बसली असती, तर "मी बदललं तरी बदलत नाही" म्हणत पुन्हा इथं आला असता.

कॉपी होम फोल्डरात न्या, मग मुख्य फाइलचं एकदा वजा आर.


हिशेबनीस_आडगाव
शनिवार, संध्याकाळी ८:१०

कॉपी नेली. कम्प्लेनमध्ये कालची रात्र आणि आजचा दिवस ठेवलं. आजची सीएसव्ही, पेमेंटचा रिपोर्ट, रात्रीचा मायएसक्यूएलडंप (बॅकअप), सगळं त्यात झालं. 'अलाउड'ची एकही ओळ नाही. डंप नव्या फोल्डरात लिहितो म्हणून त्याचीच धाकधूक होती, पण वीणाताईंनी निरोपात सांगितलं की तो वेगळा प्रोग्राम आहे, मायएसक्यूएलडीच्या वहीत तो येतच नाही.

मघाशी एए-एनफोर्स केलं. मग मुद्दाम मशीन बंद करून चालू केलं, शेठ समोर उभे असताना. त्यांचा जीव वर गेला होता. उठताना लाल ओळ आली नाही. एए-स्टेटसमध्ये मायएसक्यूएलडी एनफोर्समध्ये, पीआयडीसकट (चालू प्रोसेसचा नंबर). शेठनी विचारलं, "मंगळवारी पण चालूच होतं ना? मग चार दिवस काय केलं?" मी लोकल फाइलची प्रिंट काढून त्यांना दाखवली. चार ओळी, चार स्वल्पविराम. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि यूपीएसच्या बॅटरीचे पैसे मंजूर केले.